पसारा करायचा, पण प्रोटोकॉल लिहून

पीएचडीला लागण्याआधी काय करावं, असं विचारलं की उत्तरं ठरलेली मिळतात. नेट-सेट द्या, एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा शिका, शोधनिबंध वाचायची सवय लावा. सगळं बरोबरच आहे. मी त्यात एक गोष्ट वाढवते. दहा ते चौदा वयाच्या वीस-पंचवीस मुलींसोबत दोन तासांचा असा एक उपक्रम घ्या, ज्यात हात बरबटतात. रंग, माती, खळ, कागदाचा लगदा, काहीही चालेल. मुलींना मजा येईल हे तर आहेच. पण नमुने किती घ्यायचे, तुलना कशाशी करायची, जोखीम कुठे आहे, परवानगी कोणाची लागते, हे रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला फळ्यावर राहणारे प्रश्न इथे थेट अंगावर येतात.

असे गट शोधायला लांब जावं लागत नाही. भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या शाळाशाळांतल्या तुकड्या आहेत, वस्त्यांमधले किशोरी गट आहेत, वसतिगृहं आहेत. गाईडची पद्धत आपल्याला विशेष सोयीची, कारण तिथे मुली सहा-आठ जणींच्या पॅट्रोलमध्ये आधीच विभागलेल्या असतात आणि प्रत्येक पॅट्रोलला एक लीडर असते. म्हणजे २४ जणींना एकदम सांभाळायचं नसतं, चार गटांशी बोलायचं असतं.

आता उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ: रद्दीपासून हातकागद.

लगद्याचा कागद होतो कसा?

कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोजचे तंतू. कागद पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढला की हे तंतू सुटे होतात. जाळीवर ते आडवेतिडवे पडतात, पाणी खाली गळतं. जसजसं पाणी जातं तसतसे तंतू एकमेकांना खेटतात आणि त्यांच्यातल्या हायड्रॉक्सिल गटांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. म्हणून कागदाला डिंक लागत नाही. वाळणं हेच त्याचं चिकटणं.

इथूनच काही गोष्टी कळतात. तंतू जितके लांब आणि लवचीक, तितका कागद मजबूत. प्रत्येक वेळी पुनर्वापर करताना तंतू तुटतात आणि वाळून ताठर होतात, त्यामुळे रद्दीचा कागद मूळ कागदापेक्षा कमजोर होतो. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन शिल्लक असतं, म्हणून तो उन्हात पिवळा पडतो. वहीचा कागद तसा पटकन पिवळा पडत नाही. मुलींना हे सगळं आधी सांगायची गरज नाही. पण तुम्हाला माहीत हवं, कारण 'ताई, माझाच का फाटला?' हा प्रश्न येणार आहे.

आपल्याकडे या कामाला जुनी परंपराही आहे. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव हातकागदासाठीच ओळखलं जातं, आणि पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तेव्हा मुलींना हे 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून सांगू नका. हा एक व्यवसाय आहे, त्याला कसब लागतं, असं सांगा.

एकीचं जमलं म्हणजे चोवीस जणींचं जमेल असं नाही

घरी तुम्ही एक ताव करून बघता. अर्ध्या तासात होतो. वाटतं, जमलं. आता जरा हिशोब करू.

ए-फोर आकाराचा, ८० जीएसएमचा एक कागद साधारण ५ ग्रॅम भरतो. हातकागद जाडसर होतो. तो १५० जीएसएमचा धरला, तर ए-फोरच्या निम्म्या आकाराचा एक तावही जवळपास ५ ग्रॅमचा होतो. २४ मुली, प्रत्येकीचे दोन ताव, म्हणजे ४८ ताव, म्हणजे सुमारे २४० ग्रॅम कोरडी रद्दी. दिसायला फार नाही, वहीची थोडी पानं.

पण घरगुती मिक्सरच्या भांड्यात अर्ध्या लिटर पाण्याला १० ग्रॅमच्या वर कागद घातला की मोटर कण्हायला लागते. म्हणजे २४ घाणे. एक घाणा भरायला, फिरवायला, ओतायला आणि मोटरला जरा दम खाऊ द्यायला तीन मिनिटं धरा. झाली ७२ मिनिटं. दोन तासांतला सव्वा तास मिक्सरसमोरच्या रांगेत गेला.

या रांगेला संशोधनात अडथळ्याचा टप्पा म्हणतात. प्रयोगशाळेत तो सेंट्रिफ्यूज असतो, किंवा आठवड्यातून एकदाच मिळणारा मायक्रोस्कोपचा स्लॉट असतो. एका नमुन्यावर पायलट केला की पद्धत चालते एवढंच कळतं. ४८ नमुन्यांवर ती त्याच वेळेत चालेल हे कळत नाही. त्यासाठी पायलटमध्ये घड्याळ लावून प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते लिहायचं, आणि सर्वांत सावकाश टप्पा शोधायचा. इथे उपाय सोपा आहे. कागद आदल्या रात्री भिजवा, बहुतेक लगदा आदल्या दिवशीच करून आणा, आणि मुलींसमोर प्रत्येक पॅट्रोलचा एकच घाणा काढा, म्हणजे प्रक्रिया कळते आणि वेळ वाचतो.

दुसरा अडथळा वाळण्याचा. पावसाळ्यात हातकागद वाळायला दीड-दोन दिवसही घेतो. म्हणजे निकाल त्याच दिवशी दिसणार नाही. उपक्रम दोन रविवारांचा धरा: पहिल्यात ताव, दुसऱ्यात चाचणी.

प्रश्न एकच, आणि तुलना सरळ

'कागद बनवू या' हा उपक्रम झाला. प्रयोग होण्यासाठी प्रश्न लागतो. मुलींच्या ओळखीची एक गोष्ट घ्या: खळ. सुती साडीला खळ घातली की ती कडक होते, हे घरात पाहिलेलं असतं. मग लगद्याला खळ घातली तर कागद मजबूत होईल का?

सरळ वाटणारी पद्धत अशी: आधी सगळ्या मुली साधा ताव करतील, मग टबात खळ ओतायची आणि दुसरा ताव करायचा. वरवर पाहता यात वावगं काही नाही. पण दुसरा ताव करेपर्यंत प्रत्येकीचा हात बसलेला असतो. जाळी कशी बुडवायची, किती हलवायची, कापडावर कशी उलटायची हे कळलेलं असतं. दुसरा ताव चांगला झाला तर तो खळीमुळे की सरावामुळे? सांगता येणार नाही. शिवाय दुसऱ्या फेरीला टबातला लगदा संपत आल्यामुळे ताव पातळही होतील. एका फरकाच्या पाठीमागे आणखी दोन फरक लपले.

यावर उपाय असा:

१. सगळा लगदा एकाच पिंपात कालवा आणि मग दोन टबांत समान वाटा.

२. एका टबात ठरावीक मापाची शिजवलेली खळ घाला. दुसऱ्यात तेवढंच साधं पाणी घाला. हे पाणी विसरू नका. नाहीतर खळीचा टब नुसता जास्त पातळ आहे म्हणूनही फरक पडेल.

३. प्रत्येक मुलीने दोन्ही टबांतून एकेक ताव काढायचा. १२ जणींनी साध्या टबापासून सुरुवात करायची, १२ जणींनी खळीच्या. कोण कुठून सुरू करणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

४. टबांवर 'खळ' आणि 'साधा' असं लिहू नका. 'चिंच' आणि 'आवळा' लिहा. कशात काय आहे ते एकाच मोठ्या व्यक्तीला माहीत हवं, आणि ती व्यक्ती दुसऱ्या रविवारी मोजायला बसणार नाही.

एवढ्यात नियंत्रण नमुना, क्रमाचा परिणाम, यादृच्छिक वाटणी आणि अंधचाचणी हे चार धडे झाले. मुलींना चिठ्ठ्या टाकायला आणि चिंच-आवळा म्हणायला कोणी शिकवावं लागत नाही. तो त्यांना खेळच वाटतो, आणि तसाच वाटू द्या.

पाच पट्ट्या म्हणजे पाच कागद नव्हेत

मोजायचं कसं? तावातून १ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. वरचं टोक चिमट्याने दांडीला, खालच्या टोकाला रिकामी बाटली. मापाच्या कपाने पाणी ओतत जायचं, खाली बादली. पट्टी तुटली की बाटलीत किती मिलिलिटर पाणी होतं ते लिहायचं. १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. बाटलीचं आणि खालच्या चिमट्याचं वजन त्यात मिळवायचं.

काही पट्ट्या मध्ये न तुटता चिमट्यापाशी तुटतील. त्या धरायच्या की सोडायच्या? काहीही ठरवा, पण मोजणी सुरू करण्याआधी ठरवा आणि लिहा. निकाल बघून 'ही धरू, ती नको' असं करणं म्हणजे नकळत हवं ते उत्तर काढणं.

आता खरा घोळ. समजा एका तावातून पाच पट्ट्या कापल्या. तुमच्याकडे पाच आकडे आले. पण ताव एकच आहे, एकाच मुलीच्या हातचा. त्या पाच आकड्यांतून तो ताव कुठे जाड, कुठे पातळ हे कळतं. खळीचा परिणाम कळायला वेगवेगळे ताव लागतात. म्हणून आधी प्रत्येक तावाच्या पट्ट्यांची सरासरी काढायची आणि मग त्या सरासरी आकड्यांची तुलना करायची. इथे प्रत्येक मुलीची एक जोडी आहे, खळीचा ताव आणि साधा ताव. तिचा तिच्याशीच फरक काढायचा. २४ फरक मिळाले, तर तुमचा एन २४ आहे, २४० नाही. जीवशास्त्रातल्या शोधनिबंधांतही ही गफलत आढळते: तीन उंदरांच्या शेकडो पेशी मोजून एन शेकडोंत लिहिला जातो. तिला छद्म-पुनरावृत्ती म्हणतात. एकदा पट्ट्या कापल्या की ही संकल्पना डोक्यातून जात नाही.

वजनाचंही तसंच. जड ताव मजबूत असणारच, म्हणून ताव तोलायला हवा. पण स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो आणि आपला ताव ५ ग्रॅमचा, म्हणजे काट्याचा एक टप्पाच २० टक्के झाला. एकतर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला बारीक काटा मिळवा, नाहीतर चिंचेचे सगळे ताव एकत्र आणि आवळ्याचे सगळे एकत्र तोलून निदान सरासरी तरी बघा.

निकाल काय येईल? साध्या खळीतली बरीचशी पाण्याबरोबरच वाहून जाते, तंतूंना फार थोडी धरते. त्यामुळे कदाचित फरक दिसणारच नाही. तसं झालं तर मुलींना तसंच सांगा. 'खळ घातली, फरक दिसला नाही' हा पूर्ण निकाल आहे.

ताव कोणाचा?

एक गोष्ट कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ज्या मुलीने तो ताव केलाय तिला त्यावर चित्र काढायचंय, आईला दाखवायचाय. तुम्हाला तो कापायचाय. नमुना तुमचा आहे की तिचा?

याचं उत्तर ताव वाळल्यावर देऊ नका, आधी द्या. 'प्रत्येक तावाचा अर्धा भाग चाचणीला जाईल, अर्धा तुझा' असं पहिल्या रविवारीच सांगा आणि तेवढ्या आकाराची जाळी घ्या. एखादी नाही म्हणाली तर तिचे दोन्ही ताव तिचे. तुमचा एन २३ होईल, होऊ द्या. पुढे माणसांचं रक्त, त्यांच्या मुलाखती, त्यांच्या शेतातली माती गोळा कराल तेव्हा नेमका हाच प्रश्न मोठ्या रूपात समोर उभा राहणार आहे.

हात कोणाचे बरबटतात

मुलींचाच गट का, असं विचारलं जातं. १९८३ साली डेव्हिड चेंबर्स यांनी 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' या चाचणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४,८०७ मुलांच्या चित्रांपैकी फक्त २८ चित्रांत शास्त्रज्ञ बाई होती, आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढलेली होती. पुढच्या दशकांतल्या अशा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या त्या नंतरच्या अभ्यासांत स्त्री-शास्त्रज्ञांचं प्रमाण सरासरी २८ टक्क्यांपर्यंत आलेलं दिसलं. पण वय वाढतं तशी पुरुष-शास्त्रज्ञांची चित्रं वाढत जातात, हेही त्यात दिसलं. आपल्या उपक्रमाचं वय नेमकं तेच आहे.

आणि याच वयात मुलींना 'कपडे खराब करू नकोस' सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. बाहेर शिकायला येताना चांगला ड्रेस घालून यायचं असतं आणि तसाच परत न्यायचा असतं. म्हणून निरोपातच लिहा: जुना ड्रेस, आणि वरून घालायला बाबांचा किंवा दादाचा जुना शर्ट. हा शर्ट म्हणजे त्यांचा लॅब कोट. घरच्यांना आधी कळलं की संध्याकाळी बोलणी खावी लागत नाहीत, आणि पुढच्या रविवारी मुलगी येते. न येण्यामुळे नमुने गळतात हा तुमचा तोटा झाला. तिचा तोटा त्याहून मोठा आहे.

फक्त मुलींच्या गटातही कामं आपोआप वाटली जातात. जिचं अक्षर चांगलं ती लिहायला बसते, जी धीट ती जाळी धरते, जी गप्प ती पाणी आणते. दोन तासांनी लिहिणारीचे हात कोरडेच. म्हणून कामांचा तक्ता करा आणि दर वीस मिनिटांनी फिरवा. आवराआवरही त्या तक्त्यात घाला, तेही नाव लिहून. कारण नाव नसलेलं काम कोण करतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढे प्रयोगशाळेत फ्रिज साफ करणं, चहाचे कप धुणं, नोंदवही नीट ठेवणं ही कामं कोणाच्या अंगावर येतात ते बघा, मग या तक्त्याचं महत्त्व कळेल.

जोखीम आधी लिहा

'हस्तकलाच तर आहे' हे वाक्य धोकादायक आहे. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये १६ वर्षांच्या एका मुलीने कलेच्या तासाला स्वतःच्या हातांचा साचा करायला प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या बादलीत हात घातले. प्लॅस्टरमध्ये पाणी मिसळलं की जिप्सम तयार होतं आणि उष्णता बाहेर पडते. जाड थरात तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. तोवर ते घट्ट होत असतं, त्यामुळे हात बाहेर निघत नाहीत. त्या मुलीला बहुतेक बोटं गमवावी लागली. पुढे शाळेला दंड झाला.

ही क्रिया उष्मादायी आहे हे रसायनशास्त्राला ठाऊक आहे. माहिती होती, पण ती त्या बादलीपर्यंत पोचली नव्हती. जोखमीचा तक्ता ही माहिती बादलीपर्यंत पोचवण्यासाठी असतो. प्रत्येक पदार्थापुढे तीन रकाने: काय होऊ शकतं, ते कसं टाळायचं, झालंच तर काय करायचं. प्लॅस्टर कातडीवर नको, एवढं एक वाक्य पुरतं. आपल्या कागदाच्या उपक्रमात खरी जोखीम लगद्यात नाही. ती ओल्या हाताने मिक्सरचं बटण दाबण्यात आहे, ओल्या फरशीवर घसरण्यात आहे आणि लोंबत्या ओढणीत आहे. मिक्सर टबांपासून लांब, कोरड्या टेबलावर ठेवा, तो एकाच मोठ्या व्यक्तीने चालवायचा. केस बांधलेले, ओढणी बाजूला.

'मजा आली' हा डेटा नाही

शेवटी सगळ्या मुली हात वर करून 'मजा आली' म्हणतील. ताईंनी विचारल्यावर नाही कोण म्हणणार? उपक्रमामुळे काही बदललं का हे बघायचं असेल, तर प्रश्न आधीही विचारावा लागतो आणि नंतरही, आणि उत्तर विचारणाऱ्याला खूश करण्यावर अवलंबून नसावं लागतं. 'कागद वाळल्यावर तंतू एकमेकांना का धरून राहतात?' असा प्रश्न, नाव न लिहिता चिठ्ठीवर, हा त्यातला बरा मार्ग.

पण ही उत्तरं तुम्हाला कुठे प्रसिद्ध करायची असतील, तर ते माणसांवरचं संशोधन झालं. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्यावी लागते, नंतर मिळत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती तर हवीच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलांचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयाचा लेखी होकार लागतो. फोटोंचंही तेच. बरबटलेल्या हातांचे फोटो छान येतात, चेहऱ्यांचे टाळा.

आवराआवर हा प्रयोगाचाच भाग

लगदा बेसिनमध्ये ओतायचा नाही. तंतू आणि खळ मिळून नळी तुंबते आणि पुढच्या वेळी तो हॉल तुम्हाला मिळत नाही. टबातलं पाणी जुन्या सुती कापडातून गाळा, उरलेला लगदा पिळून गोळे करा, वाळवा. पुढच्या वेळी भिजवले की परत चालतात. पाणी झाडांना घाला. यासाठी पंचवीस मिनिटं वेळापत्रकात धरा.

आता एक वही घ्या. पहिल्या पानावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. दुसऱ्या पानावर साहित्य आणि हिशोब, चोवीस जणींचा. तिसऱ्यावर जोखमीचा तक्ता, चौथ्यावर कामांचा तक्ता, पाचव्यावर 'कोणती मोजणी सोडायची' याचा नियम. हे पाच पानी काम ज्याला जमलं, त्याला पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना नवं फारसं काही शिकावं लागत नाही, फक्त पानं वाढतात. आणि एखाद्या रविवारी एखादी मुलगी म्हणाली, 'ताई, पण चिंचेच्या टबात आम्ही जाळी जास्त वेळ हलवली', तर तिचं म्हणणं वहीत लिहून घ्या. तिने तुमच्या प्रयोगातली त्रुटी शोधली आहे, आणि पुढच्या वेळचा प्रोटोकॉल लिहायला तिलाच शेजारी बसवा.